दातांच्या उपचारातील हलगर्जीपणा : दाद मागण्याची मुदत किती?

वर्धा : अक्कलदाढ काढल्यानंतर खालचा ओठ बधिर राहतो. 'काही आठवड्यांत संवेदना परत येईल,' असे डॉक्टर सांगतात आणि बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ती येतेही. ज्यांच्या बाबतीत येत नाही, ते वाट पाहत राहतात. पुन्हा तपासणी, पुन्हा गोळ्या, मग दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला असे करता करता दोन वर्षे केव्हा सरली हे कळतही नाही. त्यानंतर रुग्ण वकिलाकडे जातो, तेव्हा पहिला प्रश्न उपचारात हलगर्जीपणा झाला का, हा नसतो. तक्रार मुदतीत आहे का, हा असतो. या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर प्रकरणातील तथ्यांकडे वळण्याची वेळच येत नाही.

वर्धा जिल्ह्यातील आठ तालुक्यांमधून दातांच्या उपचारांसाठी रुग्ण वर्धा शहरात, सावंगी (मेघे) येथील शरद पवार दंत महाविद्यालयात किंवा नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात व खासगी दवाखान्यांत जात असतात. रूट कॅनल, कॅप, इम्प्लांट, वेडेवाकडे दात सरळ करणे यांसारखे खर्चिक उपचार आता लहान शहरांतही होतात. उपचार बिघडल्यास दाद मागण्याचे मार्ग अनेक आहेत. मात्र प्रत्येक मार्गाची मुदत वेगळी आहे आणि एका ठिकाणी केलेल्या धावपळीमुळे दुसऱ्या ठिकाणची मुदत आपोआप थांबत नाही.

ग्राहक आयोग : दोन वर्षे

सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग ग्राहक आयोगाचा. मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ही ग्राहक कायद्यातील 'सेवा' ठरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' या खटल्यात दिला. त्याच न्यायाने दातांच्या उपचारांविषयीच्या तक्रारीही ग्राहक आयोगांपुढे चालतात. नव्या कायद्यातील 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येत आरोग्यसेवेचा उल्लेख नाही, म्हणून डॉक्टर त्यातून सुटले, असा युक्तिवाद मध्यंतरी झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो २०२१ मध्ये फेटाळला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो निर्णय कायम ठेवला.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम ६९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. १९८६ च्या जुन्या कायद्यातही कलम २४-अ नुसार हीच मुदत होती. मुदतीचा मुद्दा प्रतिपक्षाने उपस्थित केला नाही, तरी आयोगाला तो स्वतःहून पाहावा लागतो. तक्रार मुदतीबाहेर असेल व विलंब माफ झालेला नसेल, तर आयोगाला ती ऐकण्याचा अधिकारच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्टेट बँकेशी संबंधित एका प्रकरणात स्पष्ट केले आहे.

दिवस मोजताना घटनेचा दिवस वगळला जातो. समजा, ५ मार्च २०२५ रोजी किडलेल्या दाढेऐवजी शेजारची निरोगी दाढ काढली गेली. ही चूक त्याच दिवशी लक्षात येणारी आहे. अशा वेळी तक्रारीचा शेवटचा दिवस ५ मार्च २०२७ हा ठरतो. शेवटच्या दिवशी कार्यालयास सुटी असल्यास कामकाजाच्या पुढील दिवशी तक्रार देता येते, असा सर्वसाधारण नियम आहे. तरीही शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबण्यात शहाणपण नाही.

घड्याळ केव्हा सुरू होते?

खरा वाद दोन वर्षे की तीन वर्षे, याचा नसतो. ती कोणत्या दिवसापासून मोजायची, याचा असतो. दातांच्या उपचारात इजा तीन प्रकारे समोर येते. चुकीचा दात काढणे, जबडा मोडणे, जीभ वा गाल कापला जाणे या गोष्टी तत्काळ कळतात. ओठ किंवा जीभ बधिर होणे हे लगेच जाणवते, पण ते कायमचे आहे की तात्पुरते, हे काही महिन्यांनी कळते. तिसऱ्या प्रकारात इजा दडलेली असते. रूट कॅनल करताना सूक्ष्म फाईल तुटून दाताच्या मुळात राहिली आणि रुग्णाला तसे सांगितलेच नाही, तर ती बाब पुढे कधीतरी एक्स-रे काढल्यावरच उघड होते.

या बाबतीत मार्गदर्शक ठरलेला निकाल महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणात लागला. गोव्यातील शासकीय रुग्णालयात काम करणाऱ्या एका परिचारिकेवर नोव्हेंबर १९९३ मध्ये मुंबईत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर पोटदुखीचा त्रास सुरू राहिला. ऑक्टोबर २००२ मध्ये मुंबईतच दुसरी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा पोटात गॉजचा तुकडा आढळल्याचे तिचे म्हणणे होते. तिने ऑक्टोबर २००४ मध्ये राज्य आयोगाकडे तक्रार केली. राज्य आयोगाने ती मुदतबाह्य ठरवली. राष्ट्रीय आयोगाने तो निर्णय फिरवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

'डॉ. व्ही. एन. श्रीखंडे' प्रकरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१० मध्ये दिलेल्या निकालात दोन सूत्रे सांगितली. हलगर्जीपणाचा परिणाम उघड दिसत असेल, तर मुदत त्या कृत्याच्या दिवसापासून सुरू होते. परिणाम दडलेला असेल, तर रुग्णाला इजा कळली त्या दिवसापासून, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर ती कळू शकली असती त्या दिवसापासून मुदत मोजली जाते. या प्रकरणात वेदना शस्त्रक्रियेनंतर लगेच सुरू झाल्या होत्या, तक्रारदार स्वतः परिचारिका होती आणि तरीही तिने नऊ वर्षे संबंधित शल्यचिकित्सकाशी संपर्क साधला नव्हता. त्यामुळे न्यायालयाने तक्रार मुदतबाह्य ठरवली. डॉक्टरांची चूक झाली होती की नाही, या प्रश्नात न्यायालय शिरले नाही.

दातांच्या रुग्णांसाठी या निकालाचा अर्थ सरळ आहे. तुटलेल्या फाईलची माहिती तीन वर्षांनी एक्स-रेमध्ये मिळाली आणि मधल्या काळात काहीही त्रास नव्हता, तर एक्स-रेच्या तारखेपासून दोन वर्षे मोजण्याची मागणी करता येते. पण त्या दाढेत सतत ठणका होता, सूज येत होती आणि रुग्ण केवळ वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढत होता, तर 'मला आताच कळले' हे म्हणणे टिकणे अवघड आहे. बधिरतेच्या बाबतीतही सुरक्षित मार्ग एकच. ज्या दिवशी बधिरता प्रथम जाणवली, तोच दिवस पहिला मानून हिशेब करावा.

'उपचार सुरूच आहेत' हे कारण चालते का?

अनेक डॉक्टर चूक सुधारण्यासाठी पुन्हा मोफत उपचार करतात. कॅप बदलून देतात, इम्प्लांट पुन्हा बसवतात. ही बाब स्वागतार्हच असते. त्याच डॉक्टरांचे त्याच दाताचे उपचार सुरू असतील, तर शेवटच्या भेटीपासून मुदत मोजावी, असा युक्तिवाद केला जातो. तो प्रत्येक वेळी मान्य होतोच असे नाही. विशेषतः रुग्णाने दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन दोष निश्चित करून घेतला असेल, तर त्यानंतर पहिल्या डॉक्टरांशी चाललेल्या बोलण्यामुळे मुदत वाढत नाही.

वकिलामार्फत पाठवलेल्या नोटिशीबाबतही मोठा गैरसमज आहे. नोटीस पाठवल्याने किंवा तिला उत्तर आल्याने दोन वर्षांचे नवे चक्र सुरू होत नाही. दवाखान्याशी झालेला पत्रव्यवहार, भरपाईची तोंडी आश्वासने, मध्यस्थांच्या बैठका यांनाही हेच लागू पडते. तडजोडीची बोलणी जरूर करावीत, पण तारीख डोळ्यांसमोर ठेवूनच.

विलंब माफ होतो, पण हक्काने नव्हे

दोन वर्षांनंतर तक्रार दाखल करायची असल्यास विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज द्यावा लागतो. पुरेसे कारण होते, याची खात्री आयोगाला पटली पाहिजे आणि आयोगाने आपली कारणे लेखी नोंदवली पाहिजेत, अशी कायद्याची अट आहे. गंभीर आजारपण, रुग्णालयातील दीर्घ वास्तव्य अशा कारणांना कागदपत्रांचा आधार असल्यास विचार होऊ शकतो. 'कायदा माहीत नव्हता' हे कारण सहसा उपयोगी पडत नाही.

करोनाकाळाची सवलत हा अपवाद होता. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा कालावधी मुदतीच्या गणनेतून वगळण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२२ रोजी दिला होता. त्या काळात मुदत संपलेल्यांना १ मार्च २०२२ पासून ९० दिवस मिळाले. त्यानंतरच्या घटनांना ही सवलत नाही.

तक्रार कोठे करावी?

उपचार नागपूरला झाले, तर तक्रारही नागपूरलाच करावी लागते, या समजुतीने अनेक जण माघार घेतात. २०१९ च्या कायद्याने ही अडचण दूर केली आहे. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. त्यामुळे हिंगणघाट, आर्वी किंवा पुलगाव येथील रुग्ण नागपूर वा पुण्यातील दवाखान्याविरुद्ध वर्धा येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागू शकतो.

जिल्हा आयोगाची आर्थिक मर्यादा डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार ५० लाख रुपये आहे. ही मर्यादा मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर उपचारासाठी दिलेल्या रकमेवर ठरते. दातांचे जवळजवळ सर्व उपचार या मर्यादेत बसतात. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीसाठी शुल्क नाही. तक्रार ऑनलाईनही दाखल करता येते. त्यासाठी २०२० मध्ये 'ई-दाखिल' आणि १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' ही सुविधा सुरू झाली. अल्पवयीन रुग्णाच्या वतीने आई-वडील किंवा पालक, तर मृत रुग्णाच्या वतीने वारस तक्रार करू शकतात.

मुदतीचे बंधन केवळ रुग्णावर नाही. नोटीस मिळाल्यानंतर डॉक्टरांना ३० दिवसांत लेखी म्हणणे सादर करावे लागते. आयोग त्यात फार तर १५ दिवसांची वाढ देऊ शकतो. ४५ दिवसांनंतर म्हणणे स्वीकारता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी दिला आहे. जिल्हा आयोगाच्या निकालाविरुद्ध राज्य आयोगाकडे अपील करण्यासाठी दोन्ही पक्षांना ४५ दिवस मिळतात.

मोफत उपचार झाले असतील तर?

शांता खटल्यातील निर्णयानुसार जेथे सर्वच रुग्णांना मोफत सेवा दिली जाते, तेथील उपचारांबाबत ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. नाममात्र नोंदणी शुल्क भरले म्हणून रुग्ण ग्राहक ठरत नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील सेवा १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत करण्यात आली. मात्र ज्या रुग्णालयात काही रुग्णांकडून पैसे घेतले जातात आणि काहींना मोफत उपचार दिले जातात, तेथील मोफत उपचार घेणारा रुग्णही ग्राहक मानला जातो. उपचाराचा खर्च विमा कंपनीने किंवा मालकाने केला असेल, तरी ग्राहक म्हणून असलेला हक्क जात नाही.

दिवाणी दावा : तीन वर्षे

ग्राहक आयोगाचे दार बंद असेल, तेव्हा दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो. मुदत कायदा, १९६३ नुसार अशा नुकसानभरपाईच्या दाव्यास साधारणतः तीन वर्षांची मुदत असते. दोन वर्षे उलटली, पण तीन झाली नाहीत, अशा रुग्णांसाठी हा मार्ग महत्त्वाचा आहे. येथे मात्र न्यायालयीन शुल्क भरावे लागते आणि विलंब माफीची सोय नाही. विलंब माफ करण्याची तरतूद अपील व अर्जांसाठी आहे, मूळ दाव्यासाठी नाही.

काही सवलती मात्र आहेत. रुग्ण अल्पवयीन असेल, तर तो सज्ञान झाल्यानंतर मुदत मोजली जाते. मुलांच्या दातांना तारा लावण्याच्या उपचारांत हा मुद्दा येऊ शकतो. महत्त्वाची बाब लबाडीने लपवली गेली असेल, तर ती उघड झाल्यापासून मुदत सुरू होते. चुकीच्या पण अधिकार नसलेल्या ठिकाणी प्रामाणिकपणे दाद मागण्यात गेलेला काळ वगळण्याची विनंतीही कलम १४ खाली करता येते. शासनाविरुद्ध दावा करायचा असल्यास आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि तो काळ मुदतीतून वगळला जातो.

फौजदारी तक्रार

डॉक्टरांवर फौजदारी कारवाईसाठी साधी चूक पुरेशी नसते, घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो. तसेच खासगी तक्रारीला दुसऱ्या सक्षम डॉक्टरच्या विश्वसनीय मताचा आधार हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑगस्ट २००५ रोजी 'जेकब मॅथ्यू' प्रकरणात सांगितले. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यानुसार हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे ही 'गंभीर दुखापत' मानली जाते. जुन्या दंडसंहितेतही तसेच होते.

फौजदारी मुदत शिक्षेवर अवलंबून असते. निष्काळजीपणामुळे झालेल्या साध्या दुखापतीच्या गुन्ह्यात सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे मुदत एक वर्षाची. गंभीर दुखापतीच्या गुन्ह्यात मुदत तीन वर्षांची आहे. न्यायहितासाठी न्यायालय ती वाढवू शकते. फौजदारी तक्रारीमुळे ग्राहक आयोगाची दोन वर्षे थांबत नाहीत, हे येथेही ध्यानात ठेवले पाहिजे.

दंत परिषदेकडील तक्रार

दंतवैद्यांच्या वर्तनाविषयी राज्य दंत परिषदेकडे तक्रार करता येते. परिषदेची नोंदवही दंतवैद्यक कायदा, १९४८ खाली सुरू झाली. त्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय दंत आयोग कायदा संसदेने २०२३ मध्ये मंजूर केला. परिषद दोषी दंतवैद्याचे नाव नोंदवहीतून काढू शकते, पण रुग्णाला नुकसानभरपाई देऊ शकत नाही. 'परिषदेचा निकाल येऊ द्या, मग आयोगाकडे जाऊ,' असा विचार करणारा रुग्ण मुदत गमावून बसू शकतो. दोन्ही तक्रारी एकाच वेळी चालू शकतात.

कोणती कागदपत्रे जपावीत?

मुदतीचा वाद तारखांवर चालतो, म्हणून तारखा दाखवणारी प्रत्येक चिठ्ठी मोलाची असते. केस पेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, पैसे दिल्याच्या पावत्या, उपचारापूर्वीचे आणि नंतरचे एक्स-रे, संमतिपत्राची प्रत, डॉक्टरांशी झालेले मोबाईलवरील संदेश हे सर्व जपून ठेवावे. रुग्णाला त्याच्या उपचारांच्या नोंदींच्या प्रती मिळाल्या पाहिजेत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला होता. प्रती लेखी अर्जाने मागाव्यात आणि अर्जाची पोच घ्यावी. दुसऱ्या दंतवैद्याकडे गेल्यास तपासणीचा दिनांक व दोषाचे वर्णन त्यांच्याकडून लेखी घ्यावे. दडलेली इजा केव्हा कळली, हे सिद्ध करणारा तोच मुख्य पुरावा ठरतो. प्रत्येक ग्राहक तक्रारीत तज्ज्ञाचे मत अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटले असले, तरी दातांच्या मुळांविषयीच्या किंवा नसांच्या इजेविषयीच्या तक्रारीत असे मत नसल्यास बाजू लंगडी पडते.

उपचार अयशस्वी झाला म्हणजे हलगर्जीपणा झाला, असे कायदा मानत नाही. रूट कॅनल केलेली दाढही पुढे काढावी लागू शकते. अत्यंत काळजी घेऊनही नस दुखावली जाऊ शकते. सामान्य कौशल्याच्या दंतवैद्याने अशा परिस्थितीत जी दक्षता घेतली असती ती घेतली गेली का, हाच निकष असतो. मुदतीच्या नियमामागेही हाच समतोल आहे. वर्षानुवर्षांनी नोंदी नष्ट झालेल्या असतात आणि डॉक्टरांना आपली बाजू मांडणे अशक्य होते. इंग्लंडमध्येही १९८० च्या कायद्यानुसार इजा झाल्यापासून किंवा ती कळल्यापासून तीन वर्षांची मर्यादा आहे.

महिला, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक आणि अल्प उत्पन्न गटातील व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर साहाय्य मिळू शकते. दातांच्या उपचारानंतर त्रास सहा महिने टिकला, तर तेवढ्यातच दुसऱ्या दंतवैद्याचे लेखी मत आणि वकिलाचा सल्ला घ्यावा. तक्रार करायची की नाही, हा निर्णय नंतर घेता येतो. मात्र तो घेण्यासाठी दोन वर्षांतील पुरेसे दिवस हाती उरलेले असले पाहिजेत.